क्लॅरिनेटवाल्याचा दात

नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत सिंधूआत्याच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांच्या बरोबर खाली पिठाची गिरणी होती. सकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागला की आमच्या मांडणीवरची भांडी एकमेकांना हळूच लागायची, आणि ती लागायला लागली की आत्या म्हणायची, "चला, जग उठलं." दंतवैद्यकाची पहिली पदवी झाल्यावर पुढच्या शिक्षणाची तीन वर्षं मी त्या घरात काढली. खिडकी कितीही घट्ट लावा, पिठाचा बारीक थर पुस्तकांवर, चादरीवर, माझ्या कोटावर येऊन बसायचाच. कोट पांढरा असल्यामुळे कोणाला कळायचं नाही एवढंच. बाजरी दळली जात असली तर एक वास, गहू असला तर दुसरा, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याचं दळण आलं की आत्या खिडकीतून वाकून बघायची, आपल्या सटाण्याकडची कोण बाई आली म्हणून. ओळखीची निघाली की तिला वर चहाला बोलवायची आणि मग मला अभ्यास सोडून आलं ठेचायला बसावं लागायचं.

आत्या महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारायची कोणाची छाती नव्हती. संध्याकाळी ती जमिनीवर बसून वह्या तपासायची आणि मी स्टोव्हपाशी बसून भाकरी थापायचे. माझी भाकरी फुगली नाही तर ती वहीतून मान वर न काढता म्हणायची, "आवाज आला नाही." फुगलेल्या भाकरीतून वाफ सुटते त्याचा आवाज तिला पाठीमागून ओळखता यायचा. रविवारी शेवभाजी असायची, इतकी तिखट की माझ्या वर्गातल्या पुण्याच्या मैत्रिणीनं एकदा खाल्ली आणि नंतर दोन वर्षं ती गोष्ट सगळ्यांना सांगत राहिली.

माझे वडील, म्हणजे नाना, सटाण्याला पंक्चर काढायचे. कांद्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड, हवा भरायचं यंत्र, पाण्यानं भरलेली अर्धी कापलेली टाकी आणि बाहेर टांगलेलं एक जुनं टायर, एवढंच ते दुकान. मोसमात ट्रॅक्टर रांगेनं उभे राहायचे आणि नाना दुपारची भाकरी उभ्यानं खायचे. शाळा सुटली की मी तिथेच असायचे. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधायचे, भोकाभोवती खूण करायची, पुसून कोरडी करायची आणि कानशीनं घासायची. रबराची चकाकी पार जाईपर्यंत घासायची. मगच सोल्यूशन लावायचं, थोडं थांबायचं आणि मग ठिगळ दाबायचं. मी घाई केली की नाना ट्यूब उजेडात धरायचे आणि परत माझ्या मांडीवर टाकायचे. "आजून चमकी ऱ्हायनी," एवढंच म्हणायचे. माझी बोटं काळी झालेली असायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बाई नखं तपासायच्या तेव्हा मार बसायचा.

नाशकात आल्यावर मी या दुकानाबद्दल कोणाला सांगितलं नाही. वडील काय करतात असं विचारलं की "टायरच्या व्यवसायात आहेत" असं म्हणायचे. ते काही खोटं नव्हतं. पण ते म्हणताना माझा आवाज बदलायचा, हे आज साठीच्या जवळ येऊन कबूल करायला हरकत नाही. कॉलेजच्या फाटकातून आत जाताना मी सटाणा बाहेर ठेवून जात होते, आणि त्यात आपण काही गमावतो आहोत असं मला वाटत नव्हतं.

आमच्या विभागाच्या प्रमुख सबनीस मॅडम. उंच, पांढरे केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी. त्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस महाराष्ट्रात कुठेही ओळखू येतो असं म्हणायचे, कारण तो खुर्चीवर बसण्याआधी स्वतःची नखं बघतो. त्यांनी मला प्रबंधाला दिलेला विषय असा होता. दाताचा कोपरा तुटला किंवा दात किडला की त्यात दाताच्याच रंगाचं एक मटेरियल भरतात. भरताना ते लोण्यासारखं मऊ असतं, त्यावर निळा उजेड धरला की दगडासारखं घट्ट होतं. काही वर्षांनी त्याची कड उडते. तेव्हा एक तर सगळं जुनं कोरून काढून नवं भरायचं, नाहीतर जुन्यावरच नव्याचा तुकडा जोडायचा. कोरताना दर वेळी थोडा चांगला दातही जातो. तीन-चार वेळा कोरलं की दात उरतच नाही. जोडता आलं तर दात वाचतो. पण जोड टिकत नव्हते. जुन्यानं नव्याला धरून ठेवावं म्हणून आधी त्या जुन्या पृष्ठभागाची तयारी कशी करायची, हे मला शोधायचं होतं.

खरं तर शोधायचं असं फारसं काही नव्हतं. मॅडमची पद्धत ठरलेली होती आणि ती ओपीडीच्या भिंतीवर तक्त्यात लावलेली होती: अॅसिड लावा, धुवा, वाळवा, चिकटद्रव्य लावा, नवं भरा. अॅसिड किती वेळ ठेवलं तर जोड जास्त पक्का होतो, एवढंच मला मोजायचं होतं. त्यासाठी मी मटेरियलच्या लहान लहान चकत्या बनवल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या, आणि बरण्यांमध्ये कोमट पाण्यात महिनोन्महिने ठेवून दिल्या. तोंडातली वर्षं त्यांना बरणीत काढायला लावायची होती. सहा बरण्या होत्या आणि रोज सकाळी मी त्यांचं पाणी बदलत होते. आत्या विचारायची, "काय म्हणतात तुझी लोणची?"

अशातच रामदास गांगुर्डे माझ्या खुर्चीवर आले. पन्नाशीच्या आसपासचे, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारे. एका ब्रासबँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नाच्या वरातीत सगळ्यात पुढे जो सूर ऐकू येतो, तो त्यांचा. कधीतरी मोटारसायकलवरून पडून त्यांचा वरचा पुढचा दात अर्ध्याहून जास्त तुटला होता आणि त्यावर बरीच वर्षं चांगलं टिकलेलं काम केलेलं होतं. आता त्या कामाचा कोपरा उडाला होता. आमच्या विभागात तो दोनदा जोडला गेला आणि दोनदा निघाला. तिसऱ्या वेळी मी जोडला. तक्त्यात होतं तसंच सगळं केलं, घड्याळ लावून. बारा दिवसांनी ते परत आले, खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातावर उलटी केली.

"ताई, हा बघा. परत हातात आला."

"कधी निघाला, रामदासभाऊ?"

"कालच्या वरातीत. निम्मं गाणं झालं आन् तोंडात कायतरी सुटलं. वाजवायचं थांबलो नाय. जिभेनं गालात दाबून धरला. पण हवा निसटायला लागली, सूर फाटला. नवरदेवाचा मामा वळून वळून बघत व्हता." ते हसले. "बँडचे मालक म्हणले, रामदास, जयंतीला पुढं उभा ऱ्हायचा का नाय ते आत्ताच सांग. मालेगावचा एकजण हाय त्यांच्या नजरेत. लय चांगला वाजवतो, मी ऐकलाय त्याला."

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला महिन्याभराहून थोडासाच जास्त अवकाश होता. वडिलांनी हातात क्लॅरिनेट दिलं तेव्हापासून भीमजयंतीला पुढच्या रांगेत तेच उभे राहत आले होते. मी त्यांना दुसरा उपाय सांगितला: सगळं जुनं काढू, आत दात अगदीच पातळ आहे, म्हणून रूट कॅनाल करू आणि कॅप बसवू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हातानं हवेतच क्लॅरिनेट धरून दाखवलं.

"ताई, हा वरचा दात इथं टेकतो. खालचा ओठ खालनं. ह्या दोघांच्या मधी फुंक असती. दात केसाएवढा जरी बदलला तर फुंक बदलती. मंग मला नवं शिकावं लागंल. शिकंन मी, पन सहा महिने जातील. जयंती तवर थांबत नाय."

ते गेल्यावर मी तो तुकडा भिंगाखाली धरला. त्याची खालची बाजू, जी जुन्या कामाला चिकटलेली असायला हवी होती, ती आरशासारखी चकचकीत होती. कुठे ओरखडा नाही, कुठे जुन्याचा कण नाही. तो तुटला नव्हता. तो कधी चिकटलाच नव्हता.

त्याच आठवड्यात माझी पहिली बरणी तयार झाली. तक्त्याप्रमाणे मी तिच्यातल्या चकत्यांना अॅसिड लावलं, काहींना थोडा वेळ, काहींना जास्त, आणि वर नव्या मटेरियलचे खुंट उभे केले. पुढचं काम एका इंजिनीअरिंग कॉलेजात होतं. तिथे एक यंत्र होतं, ते जोडाला हळूहळू जोर लावत जाऊन तो कधी तुटतो ते सांगायचं. पण माझ्या चकत्या यंत्रापर्यंत पोचल्याच नाहीत. डबीतून बाहेर काढून साच्यात बसवताना निम्म्याहून जास्त खुंट माझ्या बोटांत सुटून आले. उरलेले यंत्रानं नुसता स्पर्श केला तसे गळाले. मी डबी घेऊन घरी आले आणि जेवणाची ताटं मांडायची त्या जागेवर चकत्या मांडून बसले.

नाना त्या दिवशी आलेले होते. कांद्याचं एक पोतं, बाजरी आणि आईनं दिलेल्या कुरडया घेऊन ते दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचे, आणि आल्यावर माझ्या कॉलेजवर न येता सरळ आत्याकडे यायचे. मी त्यांना कधी या म्हटलं नव्हतं. आत्या चुलीवरून, म्हणजे आमच्या स्टोव्हवरून, ओरडली, "अगं, ताटं लावायची आहेत!" मी उठले नाही. नानांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि माझ्यासमोरची एक चकती उचलून उजेडात धरली. मग तिच्यावरून अंगठा फिरवला.

"हाई काय शे?"

मी थोडक्यात सांगितलं. जुनं, नवं, जोड, अॅसिड. त्यांनी परत अंगठा फिरवला.

"पन हाई तं गुळगुळीत शे. घसलं नही का?"

"नाना, ही काही ट्यूब नाही," मी जरा जोरातच म्हटलं. "इथे घासत नाहीत. अॅसिड लावतात. अॅसिड दाताला बारीक बारीक खड्डे पाडतं आणि मग चिकटद्रव्य त्या खड्ड्यांत शिरून बसतं."

त्यांनी मान हलवली. त्यांना राग आलेला नव्हता. दात कसा झिजतो हे त्यांना नव्यानंच कळत होतं आणि ते त्यांना आवडलेलं दिसत होतं. मग चकती माझ्यासमोर ठेवत त्यांनी विचारलं, "दात झिजस, समजनं. पन अॅसिडघाई हाई झिजस का?"

अॅसिडनं हे मटेरियल झिजतं का, एवढाच प्रश्न होता. आत्यानं ताटं आणली, कढी वाढली, नाना जेवायला बसले, आणि मी तशीच बसून राहिले. विभागात एवढी माणसं होती, एवढी पुस्तकं होती, मी स्वतः दोन वर्षं तिथे होते, आणि हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मला तर विचारायला हवं होतं. माझ्या मांडीवर ट्यूब परत टाकली गेली होती ती काय एकदा-दोनदा नव्हे.

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या वेळी मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते. काढून टाकलेला एक दात आणि माझी एक चकती शेजारी शेजारी ठेवली, दोघांवर अॅसिडचा एकेक थेंब सोडला, वेळ झाल्यावर धुतलं, वाळवलं. दात खडूसारखा पांढरट, निस्तेज झाला होता. चकती जशी होती तशीच चमकत होती. अॅसिडनं तिला फक्त धुतलं होतं. मग दुसरी चकती घेतली आणि दात कोरायच्या यंत्राला खरबरीत हिऱ्याचं टोक लावून तिच्यावर हलक्या हातानं फिरवलं. बारीक पांढरी धूळ उडाली. उजेडात धरली. चमक गेली होती.

मी मॅडमकडे गेले आणि एक जादा गट करायची परवानगी मागितली: आधी यंत्रानं खरबरीत करायचं, मग अॅसिडनं ती धूळ साफ करायची, मग सिलेन नावाचं एक द्रव्य लावायचं, जे मटेरियलमधल्या काचेच्या कणांना धरतं, आणि मग नेहमीचं चिकटद्रव्य. मॅडमनी कागद वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"हा गट आपल्या मंजूर आराखड्यात कुठे आहे?"

"नाही मॅडम."

"हिऱ्याचं टोक फिरवलं की जुन्या मटेरियलला बारीक तडे जातात. ते तू धरलेस का हिशेबात? आणि तुझ्याकडे जुन्या झालेल्या बरण्या किती उरल्यात? पाच. त्या या प्रयोगात संपल्या आणि हाती काही आलं नाही, तर नव्या चकत्या जुन्या व्हायला परत तेवढेच महिने लागतील. तुझी परीक्षा हुकेल." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "शुक्रवारी विभागासमोर मांड. मग बघू."

शुक्रवारी सगळा विभाग बसला होता. मी माझे फोटो दाखवले, रामदासभाऊंच्या तुकड्याची चकचकीत बाजू दाखवली. मॅडमनी मागच्या खुर्चीवरून विचारलं, "जुनं मटेरियल आधी खरबरीत करायचं, हे तू कुठे वाचलंस?"

मी एखाद्या पुस्तकाचं नाव घेऊ शकले असते. ग्रंथालयात शोधलं असतं तर कुठेतरी मिळालंही असतं. पण ओठांवर आलेलं मी अडवलं नाही. "वाचलं नाही, मॅडम. माझे वडील सटाण्याला पंक्चर काढतात. मी त्यांच्या हाताखाली शिकले. रबर घासल्याशिवाय ठिगळ धरत नाही. काल-परवा त्यांनीच मला विचारलं की अॅसिडनं हे झिजतं का. मी करून बघितलं. झिजत नाही."

मागे कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं हसले. पण गंमत अशी की मला वाटलं होतं तेवढी लाज वाटली नाही. उलट दोन वर्षं मुठीत गच्च धरलेलं काहीतरी सोडून दिल्यासारखं वाटलं, हात एकदम मोकळा. मॅडम हसल्या नव्हत्या.

"ट्यूबचं रबर आणि तोंडातलं मटेरियल एक नव्हे," त्या म्हणाल्या.

"नाही, मॅडम. म्हणूनच करून बघू द्या म्हणते."

"दोन बरण्या घे," त्या म्हणाल्या. "तीन राहू देत."

इंजिनीअरिंग कॉलेजातली ती खोली मला अजून दिसते. तेलाचा वास, खिडकीत कबुतरं, आणि यंत्र चालवणारे एक कुलकर्णीकाका, ज्यांना एरवी लोखंडी सळ्या तोडायची सवय. माझ्या बटणाएवढ्या चकत्या बघून ते म्हणायचे, "हे काय, खेळण्यातलं काम!" पहिल्यांदा नुसत्या अॅसिडच्या चकत्या लावल्या. यंत्राचा दांडा खाली आला, टेकला, आणि खुंट टपकन पडला. दुसरा पडला. तिसरा पडला. मग खरबरीत केलेल्यांपैकी पहिली बसवली. दांडा आला, टेकला. काही झालं नाही. काटा वर चढत गेला. काकांनी खुर्ची पुढे ओढली. काटा अजून वर गेला. मग एकदम खट्ट आवाज झाला, असा की खिडकीतली कबुतरं उडाली.

मी तुकडे उचलले आणि भिंग लावलं. जोड तुटलेला नव्हता. नव्याच्या खुंटाला जुन्या चकतीचा लचका चिकटून आला होता. जुनं मटेरियल आतून फाटलं होतं, पण दोघांच्या मधली रेष जागची हलली नव्हती.

"अहो, हे तर वेल्डिंगपेक्षा पक्कं निघालं!" काका म्हणाले. "लावा दुसरी."

दुसरी लावली. तिसरी लावली. एखाद-दुसरी सोडली तर सगळ्या तशाच तुटल्या. संध्याकाळी रिक्षानं परत येताना मी डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं, भाऊ, सावकाश. आता माझ्या दवाखान्यात पृष्ठभाग खरबरीत करायला वाळूसारखे कण फवारणारं छोटं यंत्र टेबलावरच असतं, आणि माझ्या हाताखालच्या मुली ते न विचारता हातात घेतात. त्यांना वाटतं हे असंच असतं. वाटू दे. पण तो खट्ट आवाज त्यांनी ऐकायला हवा होता, असं मला कधी कधी वाटतं.

मॅडमनी आकडे बघितले, तुकडे बघितले. मग उठून हातमोजे घातले. "एक चकती दे. माझ्या पद्धतीनं मी करते. तू करताना काही चुकत असशील." त्यांनी स्वतःच्या हातानं अॅसिड लावलं, धुतलं, वाळवलं, चिकटद्रव्य लावलं, खुंट उभा केला, उजेड दिला. इतके सुंदर हात मी नंतरही कुठे बघितले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो खुंट अंगठ्यानं हलकेच ढकलला. तो टेबलावर पडला आणि गोल फिरून थांबला. मग त्यांनी चष्मा काढला.

"किती वर्षं मी हे शिकवलं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "तुझा तो बँडवाला पेशंट कधी येतोय?"

"बोलावलं तर उद्या येतील."

"बोलाव."

रामदासभाऊ आले ते क्लॅरिनेटची पेटी घेऊनच. मी लाल रबराचा पडदा लावून दात वेगळा केला, म्हणजे थुंकीचा थेंबही तिथे पोचायला नको. मॅडम माझ्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या स्वतः करतील, पण त्यांनी शेजारचं थुंकी ओढायचं नळकांडं उचललं, जे नेहमी सगळ्यात नव्या विद्यार्थ्याच्या हातात असतं. "तू कर," त्या म्हणाल्या. "मी धरते."

मी यंत्र चालू केलं आणि त्या जुन्या कामाच्या चकचकीत कडेवर हिऱ्याचं टोक हळूहळू फिरवलं. कड उतरती केली, म्हणजे नवं टेकायला जागा मिळेल. आरसा फिरवून बघितलं. एका कोपऱ्यात अजून चमक होती. परत फिरवलं. आता नव्हती. अॅसिड, पाणी, हवा. सिलेन, थांबले. चिकटद्रव्य, उजेड. मग नवं मटेरियल एका वेळी तांदळाएवढं घेत घेत त्यांचा कोपरा उभा केला. त्यांच्या जुन्या फोटोतला दात बघून तसाच्या तसा घडवला, कारण मला फुंक बदलायची नव्हती. पडदा काढला, चावून बघायला सांगितलं, घासून गुळगुळीत केला. त्यांनी जीभ फिरवली.

"वाजवून बघू का, ताई?"

"इथे?"

"मंग कुठं?"

मागच्या व्हरांड्यात त्यांनी पेटी उघडली, तुकडे जोडले, तोंडाला लावलं आणि डोळे मिटले. पहिला सूर अगदी बारीक, घाबरत घाबरत आला. मग तो जाड झाला, वर चढला, तिथे थांबला. ओपीडीतले पेशंट दारात येऊन उभे राहिले. ज्यांच्या तोंडात कापूस होता ते कापसासकट आले. खुर्चीवरचे डॉक्टर आले, शुक्रवारी हसलेले तिघंही आले. रामदासभाऊंनी तो सूर एवढा लांबवला की माझाच श्वास संपला. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "कसा वाटला?" आणि मॅडमनी, ज्यांना मी कधी टाळ्या वाजवताना बघितलं नव्हतं, टाळ्या वाजवल्या.

पुढच्या सोमवारी ओपीडीतला तक्ता उतरवलेला होता. नवा लावला त्यात पहिलीच ओळ होती, "आधी खरबरीत करा." अक्षर मॅडमचं होतं. माझ्या उरलेल्या तीनही बरण्या त्यांनी या कामाला दिल्या आणि मी वेळेत परीक्षेला बसले. नानांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग? चिटकनं ना?" आणि पुढच्या वेळी आले तेव्हा मी त्यांना कॉलेजवर नेलं. मॅडमनी त्यांना स्वतःच्या खोलीत बसवून चहा पाजला आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबबद्दल इतकं बारीक विचारलं, की शेवटी नानांनी कागदावर चित्र काढून दाखवलं.

पण त्याआधी चौदा एप्रिल आला. आत्या पांढरी साडी नेसली, केसात मोगरा माळला आणि म्हणाली, "मी पण येते, तुझा दात ऐकायला." ऊन उतरायला लागलं होतं. निळे झेंडे, गुलाल, लहान मुलांच्या डोक्यावर कागदी टोप्या, सरबताचे पिंप, आणि रस्ता असा भरलेला की पाय उचलला तर ठेवायला जागा नाही. आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर चढून उभ्या राहिलो. बँड लांबूनच ऐकू आला. आधी ढोल पोटात ऐकू आले, मग पितळी वाद्यं, आणि त्या सगळ्याच्या वरून, वेगळा, सरळ, कुठेही न फाटता येणारा क्लॅरिनेटचा सूर. आत्यानं माझं मनगट धरलं. "हाच का?" मी मान हलवली.

पुढच्या रांगेत मधोमध रामदासभाऊ होते. लाल कोट, सोनेरी काठ, कपाळावर घाम. मिरवणूक दुपारपासून चालली होती आणि ते तेव्हापासून वाजवत होते. त्यांनी मला बघितलं. वाजवणं न थांबवता त्यांनी क्लॅरिनेट वर आकाशाकडे उचललं आणि एक सूर असा मारला की आजूबाजूच्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. मग गाणं संपलं, बँड क्षणभर थांबला, आणि ते रांग सोडून गर्दीतून वाट काढत थेट आमच्या पायरीपाशी आले. रस्त्याच्या मधोमध, एवढ्या लोकांसमोर, मान मागे टाकून त्यांनी तोंड उघडलं.

मी पायरीवरून खाली वाकले आणि अंगठा त्या कोपऱ्यावर टेकवून जोरानं दाबला. मग बाजूनं दाबला. नख घालून बघितलं. जोडाची रेष कुठे आहे हे माझं मलाच सापडलं नाही.

"हलतंय का?" त्यांनी उघड्या तोंडानंच विचारलं.

"नाही."

"मंग उभ्या काय ऱ्हायल्या? चला पुढं!"

मागून मालकानं हात वर केला, ढोल सुरू झाले, रामदासभाऊ धावत आपल्या जागी गेले आणि पहिल्या ठोक्याला त्यांचा सूर बरोबर येऊन बसला. आत्यानं पदर खोचला आणि मला हाताला धरून पायरीवरून खाली ओढलं. शालिमार चौकापर्यंत आम्ही दोघी त्या बँडच्या पुढे नाचत गेलो. मला नाचता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं, पण त्या गर्दीत ते कोणाच्या लक्षात आलं नाही.